कान, प्रमाण आणि ओलं लाकूड : घरच्या ॲम्प्लिफायरसाठी डॅक निवडताना



आजचा विषय वरवर पाहता बाजारहाटाचा आहे. घरात एक स्टिरिओ ॲम्प्लिफायर आहे, दोन स्पीकर आहेत. गाणं मात्र आता कॅसेटवरून किंवा तबकडीवरून येत नाही; ते फोनमधून येतं, लॅपटॉपमधून येतं, टीव्हीतून येतं. या दोहोंच्या मध्ये एक डबी लागते. तिला डॅक म्हणतात. ती हजार रुपयांच्या आसपास मिळते आणि काही लाखांनाही मिळते. मग कोणती घ्यायची?

यात तत्त्वज्ञानाच्या माणसाचं काय काम, असं काहींच्या मनात आलं असेल. पण जरा बघा. विकणारा म्हणतो, "आकडे सोडा हो, कानांनी ऐका." इंजिनिअर म्हणतो, "कानांचं सोडा, आकडे बघा." म्हणजे प्रत्यक्षावर किती भिस्त ठेवायची आणि अनुमानावर किती, हाच वाद झाला. आपल्याकडे नैयायिक, बौद्ध, मीमांसक यांनी तो शतकानुशतकं घातला. इथे फरक इतकाच की निर्णय चुकला तर पेन्शनमधले पैसे जातात. आणि पैशांहून मोठी गोष्ट जाऊ शकते, तिच्याकडे आपण शेवटी येऊ.

आधी ही डबी करते काय, ते पाहू. आवाज म्हणजे हवेचा दाब कमीजास्त होणं. मायक्रोफोन त्या चढउताराचं विजेच्या चढउतारात, म्हणजे व्होल्टेजमध्ये रूपांतर करतो. जुन्या तबकडीवर तोच चढउतार खाचेच्या वळणांत उतरलेला असे. १९८२ मध्ये कॉम्पॅक्ट डिस्क, आपली सीडी, बाजारात आली आणि खाचेच्या जागी आकडे आले. सीडीसाठी दर सेकंदाला ४४,१०० वेळा व्होल्टेज मोजतात, डाव्या बाजूचं वेगळं आणि उजव्या बाजूचं वेगळं. प्रत्येक मोजमाप १६ बिटांत लिहितात, म्हणजे त्याला ६५,५३६ पायऱ्यांपैकी एक पायरी मिळते. हिशेब केला तर वीस मिनिटांचा एक ख्याल म्हणजे साडेदहा कोटींहून अधिक आकड्यांची यादी होते. फोनमध्ये जे 'गाणं' असतं ते म्हणजे ही यादी, किंवा तिचा काटछाट केलेला संक्षेप.

ॲम्प्लिफायरला यादी कळत नाही, त्याला व्होल्टेज लागतं. यादी वाचून तिच्यातून पुन्हा सलग वरखाली होणारं व्होल्टेज तयार करायचं, एवढंच डॅकचं काम. डिजिटलचं ॲनालॉग करणारा, हाच त्या नावाचा अर्थ. आणि एक लक्षात घ्या, ज्या ज्या यंत्रात आकड्यांतून आवाज निघतो त्या प्रत्येकात डॅक असतोच. सीडी प्लेअरमध्ये असतो, टीव्हीत असतो, ब्लूटूथच्या कानातल्या बोंडातही असतो. तेव्हा प्रश्न 'डॅक हवा की नको' असा नसतो. 'आहे त्याहून वेगळा हवा का' असा असतो.

आता एक गैरसमज दूर करायला हवा, कारण बरीच खरेदी त्याच्यावर चालते. जाहिरातीत एक गुळगुळीत लाट दाखवतात आणि शेजारी तिचं पायऱ्या-पायऱ्यांचं रूप. सांगायचं असं की आकड्यांमध्ये मधलं काहीतरी निसटतं, आणि महागडा डॅक ते परत आणतो. चित्र पटतं, पण ते खरं नाही. नायक्विस्टने १९२८ मध्ये ज्याचा पाया घातला, कोटेलनिकोवने १९३३ मध्ये आणि शॅननने १९४९ मध्ये ज्याची सिद्धता दिली, तो नियम असा : मूळ आवाजात नमुने घेण्याच्या वेगाच्या निम्म्याहून वरचे स्वर नसतील, तर त्या नमुन्यांमधून जाणारी लाट एकच असते. ठिपक्यांच्या रांगोळीत त्याच ठिपक्यांतून दहा वेगळ्या रांगोळ्या काढता येतात. इथे मात्र 'अमुक वेगाच्या वरचं काही नाही' ही अट घातली की त्या ठिपक्यांतून एकच रांगोळी निघते. ठिपक्यांच्या मधे काय होतं याचा अंदाज करावा लागत नाही, ते ठरलेलंच असतं.

सीडीच्या ४४,१०० चे निम्मे होतात २२,०५०. माणसाचा कान तरुणपणी फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. साठी-सत्तरीत आपल्यातल्या बहुतेकांना १२,००० च्या वरचं ऐकू येत नाही, अनेकांना १०,००० च्या वरचंही नाही. वयाबरोबर वरचे स्वर आधी जातात, हा शरीराचा धर्म आहे. तेव्हा १९२ किलोहर्ट्झची पाटी पाहून हुरळून जाण्याआधी आपण कोणासाठी खरेदी करतो आहोत, हे पाहायला हवं.

दुसरा आकडा बिटांचा. १६ बिटांत सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आवाज यांच्यात सुमारे ९६ डेसिबलचं अंतर मावतं. २४ बिटांत कागदावर १४४ डेसिबल. आता आपल्या घरात या. रात्री दारं-खिडक्या बंद केल्या तरी शहरातल्या खोलीत तीसेक डेसिबलची कुजबुज असतेच. वर पंखा फिरत असेल, खालून रिक्षा जात असेल तर चाळीस-पन्नास. तिसावर ९६ चढवले तर १२६ होतात, आणि तिथे कान दुखू लागतो. म्हणजे साध्या सीडीत मावणारी सगळी उंची-खोली आपल्या दिवाणखान्यात मावत नाही. बिटांची उधळण रेकॉर्डिंग करणाऱ्याला उपयोगी पडते, त्याला पुढे मिसळताना, कमीजास्त करताना मोकळीक हवी असते. ऐकणाऱ्याला तिचा फारसा उपयोग नाही.

इथे कुणी म्हणेल, "तुमचा हिशेब राहू द्या. आमच्या भाच्याने मोठा डॅक आणला, आम्ही स्वतः ऐकला, फरक लख्ख होता." या माणसाला आपण खोटं म्हणायचं नाही. न्यायदर्शन इथे फार उपयोगी पडतं. 'मला फरक जाणवला' हा त्याचा अनुभव आहे, त्यावर वाद नाही. पण 'तो फरक डॅकमुळे पडला' हे विधान अनुभव नाही, ते अनुमान आहे. आणि अनुमान म्हटलं की हेतू तपासावा लागतो.

नैयायिकांचं एक नेहमीचं उदाहरण आहे. जिथे धूर तिथे अग्नी, हे बरोबर. पण जिथे अग्नी तिथे धूर, हे बरोबर नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो आणि धूर नसतो. मग चुलीवर धूर कुठून येतो? ओल्या लाकडातून. ते ओलं लाकूड न सांगता मध्ये येऊन बसलेलं असतं, म्हणून अग्नी आणि धूर यांचं नातं आपल्याला पक्कं वाटतं. अशा लपून बसलेल्या अटीला 'उपाधी' म्हणतात. वर्गात हे शिकवलं की विद्यार्थी जांभया देतात, पण दुकानात हेच शास्त्र पैसे वाचवतं.

'जिथे महाग डॅक तिथे चांगला आवाज' या अनुमानातलं ओलं लाकूड कोणतं? बहुतेक वेळा ते असतं आवाजाची पातळी. दोन तुकडे तंतोतंत सारखे असले आणि एक अगदी किंचित, अर्ध्या-एक डेसिबलने मोठा लावला, तर ऐकणाऱ्याला 'हा मोठा आहे' असं कळत नाही. त्याला तो अधिक स्पष्ट, अधिक भरदार, अधिक मोकळा वाटतो. आता बघा, घरातल्या डॅकचा पूर्ण आवाज सामान्यतः २ व्होल्ट असतो. फोनच्या तोंडाशी लावायच्या छोट्या वायरीतला डॅक १ व्होल्ट किंवा त्याहून कमी देतो. दोन आणि एक व्होल्टमध्ये ६ डेसिबलचा फरक आहे. अर्ध्या डेसिबलने जिथे कान फसतो तिथे हा सहाचा फरक! ॲम्प्लिफायरच्या बटणाला हात न लावता एकामागून एक दोन्ही ऐकवले तर मोठी डबी जिंकणारच. ती चांगली आहे म्हणून नव्हे, तिचं लाकूड ओलं आहे म्हणून.

दुसरी उपाधी आपल्या डोळ्यांत असते. किंमत ठाऊक असते, जाड ॲल्युमिनियमची पेटी समोर दिसत असते, भाचा उत्सुकतेने तोंडाकडे पाहत असतो. यात मनाचा दुबळेपणा वगैरे काही नाही. ऐकणं हे केवळ कानाचं काम कधीच नसतं, त्यात मन असतंच. म्हणून तर तोच राग वेगळ्या संध्याकाळी वेगळा लागतो. पण खरेदीचा निर्णय करायचा असेल तर मनाची ही वाट थोडा वेळ बंद करावी लागते. त्याला आपण पडद्याआडची परीक्षा म्हणू.

अशा परीक्षा झालेल्या आहेत. २००७ मध्ये अमेरिकेतल्या मेयर आणि मोरान या दोघांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. उच्च दर्जाच्या ध्वनिमुद्रणाच्या वाटेत त्यांनी सीडीच्या दर्जाचं एक यंत्र घातलं, जे आवाजाचे आकडे करी आणि आकड्यांचा पुन्हा आवाज करी. म्हणजे एक जादा डॅकच म्हणा ना. ते यंत्र कधी मध्ये असे, कधी नसे, ऐकणाऱ्याने ओळखायचं. ५५४ वेळा विचारलं, २७६ वेळा उत्तर बरोबर आलं. नाणं उडवलं असतं तरी साधारण इतकंच आलं असतं. पुढे २०१६ मध्ये जोशुआ रीस यांनी असे १८ अभ्यास, मिळून साडेबारा हजारांवर उत्तरं, एकत्र करून पाहिली. तिथे बरोबर उत्तरांचं प्रमाण ५२.३ टक्के निघालं. इतक्या मोठ्या संख्येत हा फरक निव्वळ योगायोगाने आलेला नसतो. ज्यांना आधी ऐकण्याचं शिक्षण दिलं होतं त्यांचं प्रमाण याहून चांगलं होतं. हे दोन्ही अभ्यास उच्च दर्जाचं ध्वनिमुद्रण आणि सीडीचा दर्जा यांच्यातल्या फरकाचे आहेत, दोन डब्यांच्या तुलनेचे नाहीत. पण फरक असला तर तो किती बारीक असतो, याचं माप त्यांतून मिळतं. शंभरात पन्नासऐवजी बावन्न. 'लख्ख' या शब्दाला तिथे जागा नाही.

अशी परीक्षा घरी करता येते. ज्यांच्याकडे सीडी प्लेअर आहे त्यांना तर फार सोपी आहे. प्लेअरच्या नेहमीच्या लाल-पांढऱ्या वायरी ॲम्प्लिफायरच्या 'सीडी' या जागी लावा. प्लेअरमागे ऑप्टिकल किंवा कोॲक्सिअल भोक असेल तर तिथून नवा डॅक जोडा आणि त्याच्या वायरी 'ऑक्स'ला लावा. आता एकच तबकडी दोन डॅकमधून एकाच वेळी येते आहे; आतला जुना आणि बाहेरचा नवा. मग पातळी जुळवा. सीडीवर शंभर-दोनशे हर्ट्झचा एक स्थिर स्वर लावायचा आणि साध्या मल्टिमीटरने स्पीकरच्या टोकांवरचं व्होल्टेज मोजायचं. एकाचं १.०० येत असेल तर दुसऱ्याचं ०.९९ ते १.०१ च्या आत हवं. डॅकला आवाज कमीजास्त करायची सोय असेल तर हे पाच मिनिटांचं काम आहे. सोय नसेल तर निदान एवढं तरी कळतं की कोण मोठ्याने बोलतो आहे.

पुढचं काम घरातल्या कुणाला तरी द्या. त्यांनी नाणं उडवायचं, त्याप्रमाणे ॲम्प्लिफायरवरचं निवडीचं बटण फिरवायचं आणि कागदावर लिहून ठेवायचं. आपण पाठ करून बसायचं आणि जुना की नवा ते सांगायचं. सोळा वेळा. सोळापैकी बारा किंवा जास्त बरोबर आले तर आपल्याला फरक ऐकू येतो, असं मानायला हरकत नाही. निव्वळ नशिबाने बारा किंवा जास्त येण्याची शक्यता चार टक्क्यांच्या आत आहे. गंमत पाहा, सोळा वेळा नाणं उडवलं तर छाप-काट्याच्या ६५,५३६ मालिका होऊ शकतात. सीडीच्या पायऱ्याही तितक्याच, कारण दोन्हीकडे दोनचा सोळावा घात आहे.

समजा, सोळापैकी आठ आले. मग दोन्ही डॅक सारखेच आहेत, असं सिद्ध झालं का? इथे घाई करायची नाही. भाट्ट मीमांसक आणि अद्वैती 'अनुपलब्धी' हे वेगळं प्रमाण मानतात. टेबलावर पुस्तक दिसत नाही, म्हणून टेबलावर पुस्तक नाही. पण ते एक अट घालतात : वस्तू तिथे असती तर दिसली असती, अशी परिस्थिती हवी. अंधारात पुस्तक दिसलं नाही म्हणून ते नाही, असं म्हणता येत नाही. तसंच इथे. पंखा बंद होता का? ओळखीचं ध्वनिमुद्रण घेतलं होतं का? कान थकले नव्हते ना? या अटी पाळूनही फरक कळला नाही, तर फार मोठं वैश्विक सत्य हाती येत नाही. पण एक छोटं, आपल्या कामाचं सत्य येतं : या खोलीत, या स्पीकरवर, या कानांना तो फरक पोचत नाही. खरेदीसाठी एवढं पुरतं.

परीक्षेला तुकडा कोणता घ्यावा, असं पुष्कळदा विचारतात. आपल्याकडे तानपुऱ्यासारखं दुसरं साधन नाही. जवारी लावलेल्या तारेतून मूळ स्वरावर वरच्या स्वरांची मोठी चढण निघते आणि ती सावकाश विरत जाते. ख्यालाच्या सुरुवातीला, गायकाने षड्ज लावण्याआधी जे काही क्षण फक्त तानपुरे वाजतात, ते ऐका. तबल्याच्या चाटीवरचा आघातही चांगला. एकाच वेळी वीस वाद्यं वाजणारं चित्रपटगीत या कामाला घेऊ नका.

बरं, मग डॅक घ्यायचाच नाही का? घ्यायचा, पण खरं कारण असेल तेव्हा. आणि खरी कारणं पुष्कळ असतात. फोनला हेडफोनचं भोकच नाही. लॅपटॉपच्या भोकातून खरखर येते, माउस हलवला की चिरचिर ऐकू येते. टीव्हीला फक्त ऑप्टिकल बाहेरवाट आहे आणि ॲम्प्लिफायर जुना आहे. फोनचा आवाज इतका क्षीण येतो की बटण शेवटपर्यंत फिरवावं लागतं. यातलं काही असेल तर डॅक घ्या, आणि तो निवडताना पुढच्या गोष्टी बघा.

पहिली गोष्ट, गाणं कुठून येणार. फोन किंवा लॅपटॉप असेल तर यूएसबी हवं. यूएसबीच्या आजच्या पद्धतीत लय डॅकच्या हातात असते; त्याचं स्वतःचं घड्याळ चालतं आणि संगणक त्याच्या मागणीप्रमाणे आकडे पुरवतो. त्यामुळे आकडे वेळेवर न पडण्याचा, ज्याला जिटर म्हणतात तो दोष आता साध्या डब्यांतही नगण्य झाला आहे. टीव्ही असेल तर ऑप्टिकल हवं. टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आवाज 'पीसीएम'वर ठेवायला विसरू नका. नाहीतर टीव्ही डॉल्बीच्या रूपात संकेत पाठवतो, साध्या डॅकला तो उलगडत नाही आणि डबी मुकी बसते. फोनवरून ब्लूटूथने पाठवणार असाल तर आवाज वाटेतच आक्रसला जातो. तिथे डॅकच्या बिटांवर पैसे घालण्यात अर्थ नाही.

दुसरी गोष्ट, आपला ॲम्प्लिफायर. मागच्या बाजूला ऑप्टिकल किंवा यूएसबी असेल तर त्याच्या पोटात डॅक आधीच आहे. आधी तो ऐका. नसेल तर 'ऑक्स', 'सीडी', 'ट्यूनर' किंवा 'टेप' यांपैकी कुठेही वायरी लावा. 'फोनो'ला मात्र लावू नका. ती जागा तबकडीच्या सुईसाठी असते. तिला पाचेक मिलिव्होल्टची सवय, डॅक देतो दोन व्होल्ट, म्हणजे चारशे पट. शिवाय तिथे खालचे स्वर वाढवून वरचे दाबायची योजना असते. आवाज फाटतो आणि दोष डॅकला दिला जातो. ऐंशीच्या दशकातल्या काही ॲम्प्लिफायरना पाच पिनांचं गोल डिन सॉकेट असे. त्यासाठी जोडवायर घ्यावी लागते. अशा जुन्या यंत्रांना पूर्ण आवाजासाठी अर्ध्या व्होल्टहूनही कमी पुरतं, म्हणून दोन व्होल्ट दिले की बटण जरासं फिरवताच घर हादरतं. अशा वेळी आवाज कमी करता येणारा डॅक सोयीचा. तीन पिनांची, एक्सएलआर नावाची जोडणी ॲम्प्लिफायरला असेल तरच तिचे पैसे मोजा.

तिसरी गोष्ट, घूंऽऽ असा सतत येणारा आवाज. लॅपटॉप एका प्लगवर, ॲम्प्लिफायर दुसऱ्या प्लगवर, आणि दोघांचं अर्थिंग वायरींतून एकमेकांना भेटलं की ही गुणगुण सुरू होते. चार्जर काढल्यावर ती थांबली तर दुखणं कळलं. त्याला महाग डॅक हा उपाय नाही. दोन्ही यंत्रं एकाच बोर्डवर घ्या किंवा ऑप्टिकल वायर वापरा. तिच्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही, त्यामुळे ती फेरीच तुटते. ॲम्प्लिफायरची अर्थिंगची पिन काढून टाकणं हा उपाय कुणी सुचवला तर ऐकू नका. त्यात जिवाला धोका आहे.

चौथी गोष्ट, आतली चिप. पेटीवर चिपचं नाव मोठ्या अक्षरात असतं आणि त्यावरून तट पडतात. चिपइतकंच तिच्याभोवतीच्या मांडणीलाही महत्त्व असतं. सीडीच्या सुरुवातीची गोष्ट याच्याच पुष्टीची आहे. फिलिप्सने आपल्या पहिल्या सीडी प्लेअरमध्ये १६ नव्हे, १४ बिटांची चिप घातली. पण नमुन्यांचा वेग चौपट करून आणि त्यातला खरखराट कान पोचत नाही अशा वरच्या स्वरांकडे ढकलून त्यांनी १६ बिटांचं काम करून घेतलं. पुढे २०२० च्या ऑक्टोबरमध्ये जपानमधल्या नोबेओका इथे एकेएम कंपनीच्या कारखान्याला आग लागली, तेव्हा त्यांच्या चिपवर अवलंबून असलेल्या अनेक उत्पादकांना दुसऱ्या चिपकडे वळून आपले डॅक नव्याने आखावे लागले. लोकांनी तेही आनंदाने ऐकले.

पाचवी गोष्ट, पद्धत. आज बहुतेक डॅक डेल्टा-सिग्मा पद्धतीचे असतात. काहींना 'आर-टू-आर' म्हणजे रोधकांच्या शिडीचे आवडतात. १६ बिटांच्या शिडीत सर्वांत मोठ्या पायरीतली चूक सर्वांत लहान पायरीहून कमी ठेवायची, तर टक्क्याच्या सुमारे तीन हजारांशाइतकी अचूकता लागते. म्हणून ती शिडी महाग पडते. काही डॅक मुद्दाम गाळणी न लावता विकतात. त्यांत २०,००० हर्ट्झला आवाज सुमारे तीन डेसिबलने उतरतो. तो उतार खरा आहे, मोजता येतो, तरुण कानाला कदाचित जाणवेल, आणि कुणाला तो मऊपणा आवडेलही. आवडला तर जरूर घ्यावा. फक्त त्याला आवड म्हणावं, सत्य म्हणू नये. भाजीत गूळ आवडणं हा काही स्वयंपाकाचा सिद्धान्त नसतो.

आणि शेवटची, साधी गोष्ट : परत करायची मुदत, हमी, आणि गावात दुरुस्ती होते का. सोळा वेळा ऐकण्याची परीक्षा त्या मुदतीतच उरकायची.

एवढं केलं की बहुतेकांचा डॅक काही हजारांत ठरतो. उरलेले पैसे कुठे घालावेत? चांगल्या डॅकमधली विकृती टक्क्याच्या हजाराव्या भागात मोजतात. स्पीकरमधली टक्क्याच्या दशांशांत, मोठ्याने वाजवल्यावर पूर्ण टक्क्यांत. म्हणजे दोघांत शेकडो पटींचं अंतर आहे. तेव्हा सुधारायला वाव कुठे आहे ते उघड आहे. स्पीकर कपाटात कोंबलेले असतील तर बाहेर काढा, भिंतीपासून हातभर पुढे घ्या, दोन्हींचं तोंड आपल्या खुर्चीकडे करा. उघड्या भिंतीवर जाड पडदा लावा, फरशीवर सतरंजी टाका. यातला फरक ओळखायला पडदा लागत नाही. आणि साठी उलटली असेल तर एकदा कानांची तपासणी करून घ्या.

मूळ ध्वनिमुद्रणाची मर्यादाही ओळखायला हवी. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहरजान गायल्या तेव्हा मायक्रोफोन नव्हता, कर्णा होता. त्या काळच्या तबकडीवर अडीच-तीन हजार हर्ट्झच्या पलीकडचं फारसं काही उतरत नसे, आणि सगळा राग तीन मिनिटांत बसवावा लागे. जे कर्ण्यात शिरलंच नाही ते आजचा कुठलाही डॅक बाहेर काढणार नाही. तरी त्या तीन मिनिटांत काय काय आहे!

म्हणून सुरुवातीला राहिलेली ती मोठी गोष्ट आता सांगायला हवी. पैसे परत मिळवता येतात. पण फरक शोधत ऐकायची सवय लागली की ती सहज जात नाही. गायक बंदिशीची अस्ताई भरतो आहे आणि आपण डाव्या स्पीकरमधला तानपुरा पुरेसा सुटा ऐकू येतो का, ते तपासतो आहोत. गाणं साक्षीदार होतं आणि यंत्र आरोपी. आपण न्यायाधीश होऊन बसतो, रसिक उरत नाही. परीक्षा करायची ती एकदाच, नीट, पाठ करून आणि कागदावर. तिचा उपयोगच हा की त्यानंतर शंका मिटते. निर्णय झाला की पेटीकडे पुन्हा पाहायचं नाही. वायरी मागे, झाकण बंद, आणि पुढचा तास गाण्याचा.

वेळ संपत आली आहे, तेव्हा इथे थांबू. ज्यांनी आपल्या ॲम्प्लिफायरच्या मागच्या बाजूचे फोटो आणले आहेत त्यांनी पुढे यावं. कुठली वायर कुठे लावायची ते आपण मिळून पाहू. बाकीचे प्रश्न त्यानंतर घेऊ.